अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी शिफारसपत्र कोणाकडे आणि कसे मागावे?

तुम्ही डॉक्टरकीची इंटर्नशिप करत आहात आणि विचारता की रेसिडेन्सीसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णालयातील विशेषज्ञ-प्रशिक्षणासाठी, शिफारसपत्र विभागप्रमुखांकडे मागावे की ज्या मॅडमच्या युनिटमध्ये काम केले त्यांच्याकडे, आणि "तूच लिहून आण, मी सही करतो" असे उत्तर मिळाले तर काय करावे. या दोन्ही प्रसंगांतून मी गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पदाचे वजन पडेल या समजुतीने मी पहिले पत्र विभागप्रमुखांकडे मागितले. सरांनी ते माझ्याच हाती दिले. मी मेहनती, वक्तशीर आणि सुस्वभावी असल्याचे त्यात तीन ओळींत लिहिले होते. नाव बदलले असते तर ते माझ्या बॅचमधल्या कोणालाही चालले असते. दुसरे पत्र युनिटच्या असोसिएट प्रोफेसर मॅडमनी लिहिले. एका रात्री कीटकनाशक प्यायलेला एक शेतकरी वॉर्डात आला होता. त्याला अ‍ॅट्रोपिन हे विषावरचे औषध देताना नाडी, डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार आणि छातीतली घरघर यांच्या नोंदी मी केसपेपरच्या पाठीमागे तक्ता आखून पहाटेपर्यंत ठेवल्या होत्या, आणि सकाळच्या राउंडला मॅडमनी तो कागद बराच वेळ हातात धरून वाचला होता. त्यांचे पत्र मी पाहिलेले नाही, पण मुलाखतीत मला पहिला प्रश्न त्या तक्त्याबद्दल विचारला गेला. म्हणून ज्यांनी तुमचे काम डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांच्याकडेच जा. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या अमेरिकेतल्या वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा (स्टेप १) निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे अशा पत्रांचे महत्त्व माझ्या मते वाढलेच आहे.

राउंडमध्ये किंवा ओपीडीच्या गर्दीत विषय काढू नका. वेळ मागून भेटा आणि "मॅडम, माझे काम पाहून आपल्याला सविस्तर पत्र लिहिता येईल का? नसेल तर नि:संकोच सांगा," असे विचारा. नकाराला वाट ठेवणे फार आवश्यक आहे, कारण भिडेखातर लिहिलेले पत्र वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. अर्ज सप्टेंबरमध्ये जातात, म्हणून जूनमध्येच विचारलेले बरे. सोबत बायोडाटा, पर्सनल स्टेटमेंट आणि त्यांच्या हाताखाली पाहिलेल्या चार-पाच रुग्णांची थोडक्यात टिपणे द्या.

पत्र इरास या अर्जप्रणालीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतः किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला चढवावे लागते. अर्जदाराला ते करता येत नाही. तुम्ही प्रत्येक पत्रासाठी वेगळा विनंती-फॉर्म तयार करून द्यायचा असतो. पत्र पाहण्याचा हक्क सोडण्याचा पर्याय तिथेच असतो, तो जरूर निवडा. एका रेसिडेन्सी प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर आणि सहीनिशी असावे, एवढी आठवण नम्रपणे करून द्या.

"तूच लिहून आण" ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि त्यामागे बहुधा वेळेची टंचाईच असते. तरीही स्वतःचे पत्र स्वतः लिहून, वर ते आपण पाहिलेले नाही असे भासवणे खोटेपणाचे आहे. "सर, मुद्द्यांचे एक पान मी देतो, शब्द मात्र आपलेच असू द्या," असे, मला एका सरांकडून हे उत्तर मिळाले तेव्हा, मी म्हणालो होतो. सरांनी क्षणभर विचार केला आणि पान ठेवून घेतले. पत्र यायला पाच आठवडे आणि तीन स्मरणपत्रे लागली.