वडिलांना घशाचा कॅन्सर, डॉक्टरांनी ‘शेक’ सांगितला. कोणता घ्यावा? आम्ही यवतमाळकडचे.

शेक म्हणजे रेडिएशन. घशाला ते बहुतेक बाहेरून, मशीननेच देतात. आतून देण्याचा प्रकार जास्त करून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला. डॉक्टरांना एक नक्की विचारा: आयएमआरटी, म्हणजे गाठीवर नेमके किरण सोडणारं रेडिएशन, होईल का? त्यात लाळग्रंथी बऱ्याच वाचतात, नाहीतर पुढे कोरडी भाकर गिळवत नाही.

साधारण सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटं. मधे खाडा नको, सोयाबीन काढणीतही नको; गुण कमी येतो. म्हणून रोजच्या एसटीवर विसंबू नका, नागपूरला किंवा सेवाग्रामला मुक्कामाची सोय आधी पाहा. सुरू होण्याआधी दात तपासून घ्या. खर्रा आजच बंद. महात्मा फुले योजनेत रेडिएशन बसतं, रेशनकार्ड-आधार सोबत न्या. आणि बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत, नातवंडांना खुशाल त्यांच्याजवळ बसू द्या.