शेचाळिसाव्या वर्षी पुन्हा एफ.वाय.

“मॅडम, वाचलेलं डोक्यात ऱ्हाईना. वय झालं म्हणायचं, दुसरं काय?”

चाळिशीनंतर डिग्री पूर्ण करायला निघालेले बहुतेक जण पहिल्या भेटीत हेच बोलतात. हे गृहस्थ कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) वडिलांच्या आजारपणात बी.कॉम. पहिल्याच वर्षी सुटलेलं. आता वरच्या जागेसाठी डिग्री हवी, म्हणून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातलं.

अभ्यास कसा करता, असं विचारलं. घरातले सगळे झोपले की कॉटवर आडवं होऊन कॉस्टिंगचं (मालाच्या खर्चाच्या हिशेबाचं) एकच प्रकरण तिसऱ्यांदा वाचणं चाललं होतं, तेही पुस्तक हातभर लांब धरून. वाचायचा चष्मा नाही का? “हाय की. कंपनीत ठेवलाय.” अर्धी तक्रार तिथंच निकालात निघाली.

वयाचं खरं आहे तेवढं सांगते. नवं काही झटकन उचलायचा वेग वयाबरोबर हळूहळू मंदावतो. शब्दांची आणि अनुभवाची शिदोरी मात्र साठीपर्यंत सहसा टिकते, बऱ्याचदा वाढतेही. नुसत्या पाठांतरात विशीतल्या पोराशी पैज लावली तर हरणारच, लावायची कशाला?

मग मी वाळूचा विषय काढला. मोल्डिंगची, म्हणजे साच्याची, वाळू बरोबर झाली हे कसं ओळखता? गृहस्थ खुलले. मूठभर घ्यायची, दाबायची, मधोमध मोडायची. भुसभुशीत सुटली तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. शंभर किलोला तीन-चार किलो पाणी, वाळू बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती किती, सगळं तोंडपाठ. म्हटलं, शंभर कास्टिंगमागं, म्हणजे ओतलेल्या नगांमागं, थोडी रिजेक्ट जाणार हे धरूनच चालता ना? “धरावंच लागतंय.” आणि वाळू बिघडून एकदम वीस गेली तर? “मग मालक बोलावतोय. त्याचा हिशेब येगळा द्यावा लागतोय.”

पुस्तकातला सामान्य तोटा आणि असामान्य तोटा म्हणजे हेच. पहिल्याचा भार चांगल्या मालावर पडतो, दुसरा वेगळा काढून नफा-तोटा खात्याला नेतात. (माझं स्वतःचं कॉमर्स इथं कामी आलं.) त्यांनी पान उलटून बघितलं आणि म्हणाले, “मग असं सरळ का लिवत न्हाईत?” प्रश्न रास्त होता.

सवय एकच बदलायला सांगितली. तिसऱ्यांदा वाचण्याऐवजी पुस्तक मिटायचं, आठवेल ते वहीत लिहायचं, मग ताडून बघायचं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. याने हातही तयार होतो. मोबाइलवर बोट फिरवणाऱ्याला एकदम दोन-तीन तासांचा पेपर लिहायला बसवलं की उत्तर येत असूनही मनगट साथ देत नाही.

दुसऱ्या भेटीत खरं दुखणं बाहेर आलं. मुलगी कॉलेजात, तीही बी.कॉम.ला. याची पुस्तकं कपाटात कपड्यांखाली. “नापास झालो तर पोरीला काय तोंड दावू?” वयाचं कारण सांगणाऱ्यांत ही भीती मला फार वेळा सापडते, पुरुषांत जास्तच. माझं मत रोखठोक आहे: चोरून डिग्री होत नाही. बाप रविवारी संपर्क सत्राला (अभ्यास केंद्रातल्या वर्गाला) जातो की आणखी कुठं, हे घरात आज ना उद्या कळतंच. त्यापेक्षा आधी सांगा, आणि संध्याकाळचा एक तास उजेडात मागून घ्या.

कागदपत्रांची धास्ती त्या मानाने किरकोळ. हे विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे आणि प्रवेशाला कमाल वयाची अट नाही. मात्र जुन्या एफ.वाय.चे पेपर धरतील असं मनाने ठरवू नका. फी भरण्याआधी अभ्यास केंद्रात लेखी विचारा. आणि सतत रात्रपाळी असेल किंवा घरात मोठं आजारपण चालू असेल, तर वर्षभर थांबा असंच मी सांगते.

त्यांचं कॉस्टिंग निघालं, इंग्रजी राहिलं. मुलीला त्यांनी स्वतःच सांगितलं. फेरपरीक्षेचा फॉर्म भरताना मला फोन आला, तो एवढंच विचारायला: “फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचाच लागतोय का ओ?”