धातूच्या पोटातला आणि पाठीवरचा ऑक्सिजन

प्रश्न : तांब्याच्या एकाच सळईत आमच्या लॅबला ४ पीपीएम (दहा लाख भागांत ४ भाग) ऑक्सिजन मिळाला, ग्राहकाच्या लॅबला १८. खरं कोणाचं? (भोसरी)

आधी सांगा, त्यांनी सलग तुकडा घातला की लेथवरच्या चिप्स? ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात हेलियमच्या प्रवाहात, ग्राफाइटच्या क्रुसिबलमध्ये (मुशीत) नमुना वितळतो. ऑक्सिजनचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि इन्फ्रारेड डिटेक्टर तो मोजतो. तो धातूच्या पोटातला की पाठीवरचा, हे डिटेक्टरला कळत नाही. एक ग्रॅमच्या सलग ठोकळ्यावर १० नॅनोमीटर ऑक्साइड धरला, तर त्याने आकडा जेमतेम १ पीपीएमने वाढतो. तोच ग्रॅम ०.१ मिलिमीटर जाडीच्या चिप्सचा असेल, तर १५ पीपीएमने. म्हणजे पोटात ३, बाकी सगळी पाठ! ऑक्सिजन-मुक्त तांब्याची मर्यादाच मुळी १० पीपीएम (सी१०१०० ही जास्त शुद्ध प्रत असेल तर ५), तिथे एवढ्यावर माल परत येतो.

सलग तुकडा घ्या, कानशीने चकचकीत करा, अॅसिटोनमध्ये धुऊन वाळवा आणि चिमट्यानेच उचला. रिकामं क्रुसिबल आधी तापवून घ्या. आमच्याकडे सोमवारचा पहिला नमुना नेहमी 'खराब' निघायचा. पुरवठादाराला दोन कडक पत्रं गेल्यावर कळलं, घाईत ब्लँकच (नमुन्याशिवायचं, नुसत्या क्रुसिबलचं मोजमाप) घेतला जात नव्हता.

प्रश्न : टायटॅनियमचा निकाल दरवेळी कमी का येतो?

निकेलविना वितळवत असाल. टायटॅनियम ऑक्सिजन सहजी सोडत नाही. निकेलच्या बास्केटमध्ये ठेवून वितळवा. ग्रेड १ मध्ये ऑक्सिजन जास्तीत जास्त ०.१८ टक्के चालतो, ग्रेड २ मध्ये ०.२५, कमी आलेला आकडा ग्रेडच बदलून टाकेल.

प्रश्न : सिलिकॉन वेफर (चिप बनवायची पातळ चकती) न वितळवता ऑक्सिजन कसा मोजतात? दोन अहवालांत जवळपास दीडपट फरक आहे. (एमएस्सीची विद्यार्थिनी)

क्वार्ट्झच्या मुशीतून आलेला ऑक्सिजन सिलिकॉनच्या अणूंमध्ये अडकतो आणि ११०७ तरंगसंख्येवर (दर सेंटिमीटरला ११०७ तरंग) इन्फ्रारेड शोषतो. सिलिकॉनचं स्वतःचं शोषणही तिथेच पडतं, म्हणून फ्लोट-झोन वेफर (मुशीविना बनवलेला, जवळपास ऑक्सिजन नसलेला) शेजारी ठेवून ते वजा करायचं. दीडपटीचं म्हणाल, तर दोन्ही अहवालांतला गुणक बघा, म्हणजे शोषणावरून अणूंची संख्या काढायचा आकडा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचा जुना गुणक ४.८१, आयओसी-८८ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ३.१४. शोषण तेच, अणू मात्र दीडपट! वेफर जास्त डोप केलेला (वीज वाहण्यासाठी परके अणू मिसळलेला) असेल तर ही पद्धत सोडा. मुक्त इलेक्ट्रॉन किंवा होल्सच (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) प्रकाश गिळतात, ११०७ चं शिखर दिसतच नाही. तिथे सिम्स (आयनांचा मारा करून उडालेले आयन तोलणारी पद्धत) लागतं.