निळं हेल्मेट आणि पावणेदोन लाख

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञान शाखेत ७१ टक्के मिळाले. एका संस्थेत 'संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी ड्रोन पायलट' असा वर्षभराचा डिप्लोमा आहे, फी १ लाख ७५ हजार. ५० हजार भरून सीट धरली आहे. मुलगी मात्र भूगोल घेऊन बीए आणि जोडीला फ्रेंच म्हणते. तिची समजूत कशी घालावी? (एक पालक, बार्शी)

उत्तर : तुमचं मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात मुलीचं वाक्य एकच, आणि त्याच्यापुढे तुम्ही कंसात 'हट्ट' असं लिहिलंय. ७१ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती दुसऱ्या पानावरच्या ओळीची : 'पैसे भरलेत, आता माघार नाही, असं तिला बजावलं आहे.' अहो, पैसे भरले तुम्ही, तेही तिला न विचारता. मग ते ओझं तिच्या डोक्यावर का? संस्थेच्या सेमिनारमध्ये शांतिसैनिकांच्या निळ्या हेल्मेटचे फोटो बघून भारावलात तुम्ही. 'आमची मुलगी यूएनमध्ये' हे सांगायची घाईही तुम्हालाच झालेली दिसते.

आता त्या डिप्लोमाचं. संयुक्त राष्ट्रांना स्वतःची फौजच नाही. सदस्य देश आपापले सैनिक आणि पोलीस पाठवतात, बरीचशी यंत्रसामग्रीही त्यांच्याबरोबर येते. डिसेंबर २०१३ मध्ये काँगोतल्या गोमा शहरातून शांतिसेनेचे पहिले ड्रोन उडाले. ते एका इटालियन कंपनीकडून कंत्राटाने घेतले होते आणि चालवणारी माणसंही कंपनीचीच होती. मालीमध्ये डच आणि जर्मन सैन्यानं आपापले ड्रोन नेले. म्हणजे डिप्लोमाची गुंडाळी हातात घेऊन गेल्यावर जिथे भरती होईल, असा दरवाजाच तिथे नाही. आणि संयुक्त राष्ट्रं भरतीसाठी कुणाकडून एक पैसाही घेत नाहीत, हे त्यांच्या नोकरीच्या जाहिरातींत लिहिलेलं असतं. आपल्याकडे ड्रोन उडवायचा परवाना हवा असेल, तर दहावी पास आणि अठरा वर्षं पूर्ण एवढं पुरतं. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं, मान्यता दिलेल्या केंद्रात ते प्रशिक्षण काही दिवसांत उरकतं. त्याला वर्ष कशाला लागतं, हे त्या संस्थेलाच विचारा.

गंमत म्हणजे मुलगी जे म्हणतेय ते या क्षेत्राच्या जास्त जवळचं आहे. ड्रोनचा उपयोग नाही असं नाही. मे २०१४ मध्ये गोमाजवळच्या किवू सरोवरात उलटलेली बोट ड्रोनलाच दिसली आणि माणसं वाचली. पण घनदाट जंगलात वरून झाडांचे शेंडेच दिसतात. आणि वाटेवर माणसं दिसली, तरी ती बाजाराला निघालीत की गाव सोडून पळतायत, हे चित्रावरून कसं कळणार? म्हणून काँगोत शांतिसेनेनं गावोगावच्या लोकांना मोबाईल दिले, स्थानिक भाषा बोलणारे संपर्क सहायक नेमले. आलेली खबर नकाशावर मांडून तिचा अर्थ लावणारं माणूस लागतंच. काँगो काय, माली काय, तिथला कारभार फ्रेंचमध्ये चालत आलाय. (आणि हे सगळं असूनही जानेवारी २०२५ मध्ये गोमा एम-२३ बंडखोरांच्या ताब्यात गेलंच.)

गणवेशच हवा असेल तर सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षा आहेत : एनडीए किंवा पदवीनंतर सीडीएस. पण त्यातलं काहीही मुलीनं मागितलेलं नाही.

तिला भूगोल घेऊ द्या. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. फ्रेंच 'डेल्फ' या भाषा-परीक्षेच्या बी-२ पातळीपर्यंत नेलं तर कामाचं. यूएनची खात्री मी देणार नाही, तिथे सुरुवातीच्या अधिकारी पदालाही पदवी आणि बहुतेकदा काही वर्षांचा अनुभव मागतात. पण नकाशाचं काम इथेही आहे. गावठाणाची मोजणी ड्रोननं होताना पाहिली असेल ना? घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारल्या, ड्रोन घिरट्या घालून गेला, सगळं गाव बघायला जमलं. पुढे त्या फोटोंवरून घराघराची हद्द आखत बसणारे कुणाला दिसले नाहीत. मालमत्ता पत्रक निघतं ते त्यांच्यामुळे.

सोमवारी संस्थेला प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज तुमच्या नावानं असू द्या, मुलीला त्यात ओढू नका. ५० हजार परत नाही आले, तरी उरलेले सव्वा लाख अजून तुमच्याच खिशात आहेत.