वडिलांना अमिओडॅरोन २०० सुरू केली आहे. किती दिवस घ्यावी लागते?

ते ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा. ही हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी. बायपासनंतर ठोके बिघडले म्हणून दिली असेल तर बहुधा काही आठवड्यांनी बंद करतात. पण चिठ्ठी तीच फिरत राहते आणि माणूस वर्षानुवर्षं गोळी खातो, असं काउंटरवरून खूप पाहिलंय. माझं मेडिकल आहे.

तुम्ही न विचारलेलं सांगतो. वडिलांना वॉर्फरिन किंवा असिट्रोम, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, चालू आहे का?

आमच्याकडे एक रिटायर्ड गुरुजी येतात. हृदयाची झडप बदललेली, असिट्रोम कायमची. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी अमिओडॅरोन दिली, त्यांना असिट्रोमचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, गुरुजी, आधी त्यांना फोन लावा. जावई सोबत होता, तो भडकला. "तुम्ही गोळ्या द्या, डॉक्टरकी नको." दुकानात बसलेला माझा मेहुणाही त्याचीच री ओढू लागला, गिऱ्हाईक तोडू नकोस म्हणे. शेवटी फोन लागला. डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला पीटी-आयएनआर करा. म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी; आकडा जितका मोठा, तितकं रक्त पातळ.

पहिला रिपोर्ट नॉर्मल. जावई तो नाचवत दुकानात आला. अहो, ही गोळी अंगात हळूहळू साठते, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जोर वाढायला आठवडे लागतात! गुरुजी शिस्तीचे, तपासणी चालू ठेवली. पुढे आयएनआर पाचच्या वर, हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग. असिट्रोमचा डोस जवळपास निम्मा करावा लागला. डिगॉक्सिन ही हृदयाची दुसरी गोळी चालू असेल तर तिचाही डोस कमी करावा लागतो.

बाकी थायरॉईड आणि लिव्हरची तपासणी सुरुवातीला आणि मग दर सहा महिन्यांनी, छातीचा एक्स-रेही. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळपास ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, थायरॉईड बिघडणारच नाही असं कसं म्हणणार? कोरडा खोकला किंवा दम लागला तर सिरप मागायला येऊ नका, डॉक्टरकडे जा. उन्हात अंग झाकून फिरा.

मेहुणा आता बीपीच्या गोळ्या ऑनलाइन मागवतो, सवलत मिळते म्हणून. मागवू दे. तुम्ही मात्र सगळ्या चिठ्ठ्या एकाच केमिस्टला दाखवा आणि त्याने चार प्रश्न विचारले तर खेकसू नका.

आणि हो, मी डॉक्टर नाही. हे वाचून घाबरून गोळी परस्पर बंद करू नका, ठोके पुन्हा बिघडतील. बंद केली तरी ती कित्येक महिने अंगात राहते, तेव्हा आयएनआर नंतरही बघावाच लागतो.