चार दिवस फक्त दोघांनीच जायचंय ना, मग तंजावरला जा

तुम्ही लिहिलंय की लग्नाला 10 वर्षं झाली, मुलं 7 आणि 4 वर्षांची, सासूबाई सांभाळायला तयार आहेत, दोघांनाही जुनी शहरं बघायला आवडतं, पण मुलांना सोडून जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. गोळा येणारच हो, मलाही आला होता, धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती. तरी जा. फक्त एक करा, रात्री झोपायच्या वेळी फोन करू नका. आम्ही पहिल्या रात्री केला आणि तोपर्यंत छान खेळत असलेली पोरगी आईचा आवाज ऐकून तासभर रडली, इकडे मी रडले, नवरा बिचारा दोन्हीकडे समजूत घालत बसला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन, पाच मिनिटं, की दिवस मोकळा.

आता शहर. आधी एकदा आम्ही दोघंच राजस्थानात गेलो होतो, दोन दिवसांत चार किल्ले आणि तीन महाल, आणि त्यातला निम्मा वेळ कुठे आधी जायचं यावर वाद. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की जोडीनं जायचं तर असं गाव निवडा जिथे एकच मोठी गोष्ट आहे आणि ती परत परत बघता येते. तंजावर तसं आहे. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळानं बांधलं, 1010 मध्ये पूर्ण झालं, शिखर 200 फुटांहून उंच आणि सगळं ग्रॅनाइट. आजूबाजूला कावेरीच्या गाळाचा सपाट मुलूख, भातशेती, दगड नावाला नाही, म्हणजे हे सगळं लांबून वाहून आणलंय. त्या अंगणात उभं राहिल्यावर हे आठवलं की अंगावर काटा येतो.

दुपारी साडेबारा ते चार देऊळ बंद असतं. म्हणून सकाळी सहाला एकदा जा आणि परत संध्याकाळी. दुपारी तसंही अनवाणी चालवत नाही, फरशी तव्यासारखी तापते, पायमोजे जवळ ठेवा. गाईड सांगतील की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते. आम्ही पाचच्या सुमाराला अंगणात बसलो होतो आणि ती हळूहळू पूर्वेला नंदीच्या दिशेनं सरकताना बघितली. तिकडची माणसं संध्याकाळी सहकुटुंब येऊन नुसती बसतात, तुम्हीही बसा, कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं किराणा, फी, ट्यूशन सोडून दुसऱ्या कशावर तरी बोललो.

आणि एक गोष्ट चुकवू नका. आवारातल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत, फार म्हणजे फारच लांबलचक. आपले शिवाजी महाराज, त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे ज्यांच्यापासून तंजावरची गादी सुरू झाली, सगळे त्यात. नवरा बोट न लावता बोट फिरवत एकेक शब्द लावत होता, आधी काही कळेना, मग एक ओळखीचं नाव सापडलं, मग दुसरं, आणि सबंध तमिळ मुलखात त्या एका भिंतीशी आम्ही वाचता येणारी माणसं झालो. याच देवळावर राजराजाच्या काळातले तमिळ लेख आहेत, त्यात देवळाच्या सेवेतल्या 400 नर्तकींची नावं आहेत, राजानं प्रत्येकीला घर दिलं त्याच्या नोंदीसकट. हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं दगडावर टिकलीयत, मला तर त्या भिंतीपासून हलवेना.

सरस्वती महाल ग्रंथालय राजवाड्यात आहे. मूळ संग्रह मराठ्यांच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या नायक राजांपासूनचा पण तो खरा वाढवला सरफोजींनी, काशीयात्रेला गेले तिथूनही पोथ्या आणल्या. हजारो मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागद आहेत. पोथ्या हातात मिळत नाहीत, म्युझियममध्ये निवडक मांडलेलं बघायचं, पण तेवढ्यातही दोन तास जातात. सरफोजी डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसकट नोंदी ठेवून घेत असत, राज्य इंग्रजांच्या हातात गेलेलं असताना माणसानं पुस्तकं आणि औषधं यात जीव घातला, याचं मला फार कौतुक आहे.

तिसऱ्या दिवशी गाडी करून कुंभकोणमकडे जा, 40 किलोमीटर. वाटेत स्वामीमलैला ब्रॉन्झच्या मूर्ती बनवतात ते बघा. आम्ही गेलो तेव्हा एक कारागीर मेणाच्या नटराजाची बोटं तापवलेल्या पात्यानं घडवत होता, एकेक बोट तांदळाएवढं. मग त्यावर कावेरीची माती लिंपतात, तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकदाच होते. शेजारीच दारासुरमचं देऊळ, छोटं पण कोरीवकाम तंजावरपेक्षाही नाजूक. वेळ उरला तर तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी, कावेरीकाठी, आणि तिथला मुगाच्या डाळीचा अशोका हलवा, तुपानं हात माखतात पण खा.

जायचं कसं तर आम्ही पुण्याहून विमानानं चेन्नई आणि तिथून रात्रीची उळवन एक्सप्रेस, सकाळी तंजावर. चेन्नईत गाडी कुठल्या स्टेशनवरून सुटते ते तिकिटावर नीट बघा, एग्मोर आणि सेंट्रल वेगळी. नाहीतर त्रिचीपर्यंत विमान, पुढे तासा-दीड तासाचा रस्ता. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस असतो, जानेवारीच्या मध्यावर पोंगल, तेव्हा गाड्या आणि हॉटेलं भरलेली, म्हणून जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी धरा. हॉटेल देवळापासून चालत जाता येईल असंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण पहाटे आणि संध्याकाळी रिक्षा न शोधता उठून जाता आलं पाहिजे.

मुलांसाठी तिथली डोकं डोलवणारी बाहुली आणा, तलैयाट्टी बोम्मै म्हणतात. दोन घ्या, एकीवर भांडणं होतील. हलकी असते पण नाजूक, बॅगेत टाकू नका, साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. आमची दारातून आत येईपर्यंत मान हलवत होती.