वाचकांचे प्रश्न : गंगापूरचे पाणी आणि पुष्कळांचे सुख

प्रश्न : आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. टंचाईच्या वर्षी गंगापूरसारख्या नाशिकच्या धरणांतून पैठणजवळच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडायची वेळ आली की घरात वाद पेटतो. वडील त्याला अन्याय म्हणतात. पैठणकडे दिलेली माझी बहीण त्यालाच न्याय म्हणते. मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी आहे. बेंथम, कांट, रॉल्स या तत्त्वज्ञांचा या वादाशी काही संबंध आहे का, आणि त्यांचे विचार आले कोठून? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आपल्या घरातला वाद हा नीतिशास्त्राचाच वाद आहे. पाणी अधिक लोकांच्या उपयोगी पडेल तिकडे जावे, असे म्हणणारा माणूस जेरेमी बेंथमच्या वाटेने चाललेला असतो. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बेंथमने कृतीची कसोटी तिच्यातून निपजणाऱ्या सुखदुःखाच्या हिशेबात शोधली. इंग्लंडमधील कायदे सुधारावेत ही त्यामागची तळमळ होती, आणि त्या हिशेबात रावाचे सुख रंकाच्या सुखाहून जड धरायचे नव्हते. पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल पाहून तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात लिहिले की, माणूस दूर राहतो म्हणून त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य कमी होत नाही. त्या लेखाचे मूळही याच परंपरेत आहे.

पण नुसत्या संख्येवर न्याय ठरतो का? मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी या मताची कसून तपासणी केली आहे. कौरवांची सेना अकरा अक्षौहिणी आणि पांडवांची सात, म्हणून कौरवांचा पक्ष न्याय्य ठरत नाही, हा त्यांचा दाखला आपल्या वर्गात अवश्य सांगावा. कर्त्याच्या बुद्धीकडे, म्हणजे कृतीमागच्या हेतूकडे, पाहण्याचा त्यांचा आग्रह त्यांना कांटच्या जवळ नेतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटने १७८५ मध्ये मांडले होते.

जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये लॉक, रूसो आणि कांट यांची सामाजिक कराराची, म्हणजे समाजाचे नियम सर्वांच्या संमतीवर उभे असावेत ही, कल्पना नव्याने उभी केली. समाजाचे नियम ठरवणाऱ्यांनी अज्ञानाच्या पडद्याआड बसावे, म्हणजे आपण कोण आहोत हे त्यांना ठाऊक नसावे, ही त्यांची युक्ती आहे. ती मूळची समाजाच्या पायाभूत रचनेसाठी आहे. तरीही आपला जन्म दिंडोरीत होणार की पैठणला, बागाईतदाराच्या घरी की शेतमजुराच्या, हे माहीत नसताना पाणीवाटपाचा नियम कसा केला असता, हे वडिलांनी आणि बहिणीने, दोघांनीही, स्वतःला विचारून पाहावे. माझ्या मते, पिण्याचे पाणी सर्वांत आधी, हे कोणीही मान्य करील. त्यानंतर टंचाईची झळ वाटून घेणेही मान्य होईल. राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व याच दिशेचे आहे, आणि म्हणून बहिणीची बाजू मला मूलतः बरोबर वाटते.

मात्र पडद्याआडचा माणूस आणखी एक मागणी करील. द्राक्षवेल हे हंगामी पीक नव्हे. बाग जळाली तर अनेक वर्षांची मेहनत आणि कर्ज दोन्ही अंगावर येते. म्हणून किती पाणी जाणार हे बागाईतदाराला छाटणीच्या आधी कळायला हवे, आणि कोरड्या नदीपात्रात मुरणाऱ्या पाण्याचा हिशेबही उघडपणे मांडला जायला हवा. वडिलांच्या तक्रारीचा एवढा भाग मला पूर्णपणे रास्त वाटतो.